बोटीचा पंखा : वेगासाठी निवड आणि फेरफार

बोटीचा पंखा : इंजिनाच्या शाफ्टवर बसवलेले, पाणी मागे लोटून बोट पुढे नेणारे दोन किंवा अधिक पात्यांचे चक्र. ‘प्रोपेलर’ हा शब्द दुकानात आणि बिलावर वापरला जातो. बंदरात त्याला पंखाच म्हणतात. ‘पंख्यात जाळं गेलं’ हे वाक्य हर्णैपासून मालवणपर्यंत कुठेही वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पंख्याच्या बोंडावर (पाती जिथे जुळतात त्या मधल्या भागावर) बहुधा दोन आकडे कोरलेले असतात, उदा. १३ × १७. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंखा लोण्यातून स्क्रूसारखा फिरला असता तर एका फेऱ्यात जितका पुढे गेला असता ते अंतर. पाणी लोणी नसल्यामुळे तो तितका जात नाही. या तुटीला स्लिप म्हणतात. स्लिप हा दोष नव्हे, कारण पाणी मागे सरकल्याशिवाय बोट पुढे ढकललीच जात नाही. पंख्याचे मिनिटाला होणारे फेरे आणि इंचांतील पिच यांच्या गुणाकाराला १,२१५ ने भागले की स्लिप न धरता येणारा वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) मिळतो. आऊटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले) इंजिन ५,५०० फेऱ्यांवर चालत असेल आणि गिअर २:१ असेल, तर पंखा २,७५० फेरे घेतो. १७ पिचला हिशेबाचा वेग ३८.५ नॉट येतो. स्लिप १५ टक्के धरली तर सुमारे ३३ नॉट उरतात. याउलट ६०० फेऱ्यांच्या शाफ्टवर २४ पिचचा पंखा असलेली डिझेल मच्छीमार नौका कागदावर पावणेबारा नॉटच्या थोडी वर जाते. ती प्रत्यक्षात आठ नॉट गेली तर स्लिप ३२ टक्क्यांच्या घरात असते. जड नौकेला हा आकडा अजिबात विचित्र नाही.

निवडीची सुरुवात पंख्यापासून नव्हे, इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरपासून होते. पूर्ण थ्रॉटलला इंजिन किती फेऱ्यांपर्यंत गेले पाहिजे हे उत्पादकाने ठरवून दिलेले असते. पुष्कळ चार-स्ट्रोक आऊटबोर्डना ही पट्टी ५,००० ते ६,००० असते. नेहमीचे वजन भरून बोट त्या पट्टीच्या वरच्या अर्ध्यात पोहोचत असेल, तर पंखा जुळलेला आहे. खाली अडकत असेल तर पिच जास्त आहे. डिझेल इंजिन अशा वेळी काळा धूर ओकते, तापते आणि आयुष्य गमावते. फेरे मर्यादेपलीकडे जात असतील तर पिच कमी आहे आणि ताकद वाया जाते आहे. आऊटबोर्डवर एक इंच पिचने साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. ‘पिच वाढवलं की वेग वाढतो’ हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे: इंजिनाकडे शिल्लक फेरे असतील तेव्हाच वाढतो, नाहीतर घटतो.

चाचणी भरतीच्या किंवा ओहोटीच्या ओढीत एकाच दिशेने घेतली तर फसवते. दाभोळ किंवा जयगडच्या खाडीच्या तोंडाशी तर फारच. एकदा ओढीबरोबर आणि एकदा ओढीविरुद्ध जाऊन मोबाइलवरच्या जीपीएसचे दोन आकडे घ्यावेत व त्यांची सरासरी काढावी. तळही स्वच्छ हवा. एप्रिल-मे महिन्यांत मंदावलेल्या बोटीचा दोष पंख्यावर टाकला जातो. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा तळाला आणि पात्यांना चिकटलेले शेवाळ व बार्नाकल (कठीण कवचाचे समुद्री जीव) असतात.

पंखा बदलून ओलांडता न येणारी एक मर्यादा नौकेच्या सांगाड्यातच असते. पाणी कापत जाणाऱ्या जड नौकेचा व्यवहार्य कमाल वेग पाणरेषेवरील लांबीच्या फुटांतील वर्गमुळाला १.३४ ने गुणून मिळतो: ३६ फुटांना आठ नॉट, ४९ फुटांना ९.४. यापुढे नौका आपणच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते आणि डिझेल पाण्यासारखे जाते. हलक्या, सपाट तळाच्या फायबर बोटी पाण्यावर उठून धावतात, म्हणून त्या या नियमातून सुटतात. परराज्यांतून येणाऱ्या हायस्पीड ट्रॉलरबद्दल सिंधुदुर्गात वर्षानुवर्षे तक्रार आहे. त्यांच्याशी बरोबरी करायची म्हणून जुन्या लाकडी नौकेला मोठ्या पिचचा पंखा लावणे हा पैसा बुडवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

शिवाय ‘वेग’ प्रत्येकाचा वेगळा. ट्रॉलर जाळे ओढताना तीन-चार नॉटच चालतो. त्याला मोठा व्यास आणि कमी पिच हवे. माशांच्या थव्याभोवती जाळे टाकणाऱ्या पर्ससीन नौकेला थवा निसटण्याआधी जाळ्याचा फेर पूर्ण करायचा असतो. तारकर्ली-देवबागच्या पॅरासेलिंग बोटीला कमाल वेगापेक्षा झटक्यात मिळणारी ओढ महत्त्वाची, म्हणून तिथे एक-दोन इंच कमी पिच शहाणपणाचे. तीन पात्यांचा पंखा टोकाचा वेग थोडा अधिक देतो. चार पात्यांचा कमी थरथरतो आणि भरलेली बोट लवकर उचलतो.

धातूचा प्रश्न किनाऱ्यावर अवलंबून असतो. स्टेनलेस स्टीलची पाती पातळ आणि ताठ असल्यामुळे वेगाला बरी. पण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर आपटली तर धक्का सरळ गिअरपर्यंत जाऊ शकतो. ॲल्युमिनियमचे पाते आधी वाकते आणि गिअर वाचतो. मोठ्या नौकांचा ‘पितळी’ पंखा पुष्कळदा मँगनीज ब्राँझचा असतो. नाव ब्राँझ असले तरी त्यात सुमारे ४० टक्के जस्त, म्हणजे जातीने पितळच. बंदरी बोलीने इथे धातुशास्त्रज्ञांपेक्षा अचूक नाव दिले आहे. खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त झिजून निघते, धातू तांबूस व ठिसूळ होतो आणि वाकवताना तडकतो. शाफ्टवर झिंकचा (जस्ताचा) ठोकळा बसवतात तो यासाठीच: पंख्याऐवजी तो झिजावा.

फेरफारांपैकी सर्वांत उपयोगी म्हणजे कप देणे: पात्याची मागची कड किंचित आत वळवणे. त्याने पाण्याची पकड वाढते आणि परिणाम अर्धा ते एक इंच पिच वाढवल्यासारखा होतो. पाती तापवून व ठोकून पिच एक-दोन इंच बदलता येते; त्यापुढे नवा पंखा घेणे बरे. व्यास छाटणे सर्वांत धोक्याचे. आकार तोच ठेवून व्यास दहा टक्के घटवला, तर त्याच फेऱ्यांना लागणारी ताकद जवळजवळ ४० टक्के उतरते, कारण ती व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. छाटलेले परत जोडता येत नाही. अपघाताने छाटले गेल्याचा फायदा मात्र इतिहासात एकदा झाला आहे. इंग्लंडमध्ये १८३७ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ याच्या बोटीचे लाकडी मळसूत्र (तेव्हाचा पंखा) कालव्यात चाचणी चालू असताना अर्धे मोडले आणि बोट अधिक वेगाने धावू लागली.

पाते घासून पातळ करताना तिन्ही पाती सारखी राहिली नाहीत, तर पंखा थरथरतो आणि बेअरिंग व स्टर्न ट्यूब (शाफ्ट बोटीबाहेर नेणारी नळी) खातो. म्हणून प्रत्येक फेरफारानंतर तोल तपासून घेणे अटळ आहे.

फार वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या पाठीवर दाब इतका घटतो की पाणी थंड असूनच उकळते. ३० अंश सेल्सिअसला त्यासाठी दाब हवेच्या दाबाच्या चोविसाव्या भागापर्यंत खाली यावा लागतो. वाफेचे बुडबुडे पुढे फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. चार्ल्स पार्सन्स यांची वाफेच्या टर्बाइनवर चालणारी बोट ‘टर्बिनिया’ एका पंख्यावर याच कारणाने अडली. १८९७ साली ती ३४ नॉटवर धावली ती तीन शाफ्टवरच्या नऊ पंख्यांनी. वळणावर पंख्यात वरची हवा शिरून फेरे एकदम चढतात, तो प्रकार वेगळा. त्यावर उपाय आऊटबोर्ड थोडे खाली बसवणे हा.

ही कामे काढण्याचा स्वाभाविक काळ म्हणजे १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी. नौका वर ओढलेल्या असतात आणि पंखा हाताशी असतो. तेव्हा पात्यांसोबत मागचे ऑइल सीलही पाहावे. जाळ्याचा नायलॉन दोरा पंख्यामागे गुंडाळून तेच आधी कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरून ते दुधी होते. नवा पंखा चढवला तरी जुना भंगारात न देता बोटीवर ठेवावा, सोबत पंखा शाफ्टवर पक्का करणारी चावी, नट आणि कॉटर पिनसुद्धा.