डेन्मार्कची कला-म्युझियम : बुकिंग करण्याआधी हे वाचा

आमच्याकडे डेन्मार्कची चौकशी करणारे बहुतेक जण कोपनहेगनला तीन दिवस देतात आणि त्यात जमतील तेवढी म्युझियम बसवायला सांगतात. तसं बसवता येतं, पण संध्याकाळी पाय बोलायला लागतात आणि डोळ्यांसमोर सगळी चित्रं एकच होऊन जातात. आमचा सल्ला असा : दिवसाला दोनच म्युझियम घ्या, एक मोठं आणि एक छोटं.

पहिली गोष्ट म्हणजे सोमवार. खाली दिलेल्यांपैकी कोपनहेगनमधली म्युझियम, शहराबाहेरचं लुइझियाना हे कला-म्युझियम आणि आर्हुस या दुसऱ्या शहरातलं आरोस हे कला-म्युझियम, सगळी सोमवारी बंद असतात. म्हणून सोमवार आम्ही प्रवासासाठी किंवा शहरात भटकायला राखून ठेवतो.

लुइझियाना यादीतून गाळू नका, बाकी काय वाटेल ते गाळा. कोपनहेगनच्या उत्तरेला, हेल्सिंगोरकडे जाणाऱ्या ट्रेनने साधारण पाऊण तासावर हुम्लेबेक स्टेशन लागतं. तिथून दहा-पंधरा मिनिटं चाललं की म्युझियम. क्नुड येन्सेन यांनी ते १९५८ मध्ये सुरू केलं. मूळची जुनी हवेली आणि तिला जोडलेल्या काचेच्या लांब बैठ्या वाटा अशी त्याची रचना आहे. चित्रं बघता बघता मध्येच झाडं दिसतात, आणि बागेत उतरलं की ओरेसुंडची सामुद्रधुनी आणि पलीकडे स्वीडन. शिल्पकार जाकोमेत्तीची काटकुळी माणसं जिथे उभी आहेत, त्या उंच दालनाच्या खिडकीतून खालचं तळं दिसतं. तिथे थोडा वेळ बसाच. जपानी कलाकार यायोई कुसामांची दिव्यांची खोली वेगळीच : चारी बाजूंना आरसे, पायाखालच्या फलाटाभोवती पाणी आणि वरून लोंबणारे, रंग बदलणारे दिवे. एका वेळी मोजकेच लोक आत सोडतात, त्यामुळे रांग असते. मंगळवार ते शुक्रवार लुइझियाना रात्री १० पर्यंत उघडं असतं. जेवणाआधीची गर्दी ओसरल्यावर, दुपारनंतर पोहोचणं सगळ्यात चांगलं. शनिवार-रविवारी मात्र ते संध्याकाळी ६ ला बंद होतं.

शहरात स्टेटन्स म्युझियम फॉर कुन्स्ट, म्हणजे तिथलं राष्ट्रीय कला-म्युझियम. सगळे एसएमके म्हणतात. १८९६ ची भारदस्त इमारत आणि मागे पार्काच्या बाजूला १९९८ मध्ये जोडलेला नवा भाग. फ्रेंच चित्रकार मातीसने १९०५ मध्ये काढलेलं बायकोचं चित्र इथे आहे. आकार वहीच्या जोडपानापेक्षा फार मोठा नाही, पण कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरलेला हिरवा पट्टा दुरूनही दिसतो. जवळ गेलात की चेहऱ्याच्या दोन बाजूंचे रंग वेगळे असल्याचं लक्षात येतं. डॅनिश चित्रकार हामर्शोईने रंगवलेल्या करड्या, रिकाम्या खोल्याही चुकवू नका.

एसएमकेच्या मागच्या पार्कातच हिर्शस्प्रुंग संग्रह आहे. तंबाखूच्या धंद्यात पैसा केलेल्या हाइनरिक हिर्शस्प्रुंग यांचा हा संग्रह १९११ मध्ये लोकांसाठी खुला झाला. छोटी दालनं, गर्दी कमी. चित्रकार क्रोयरचं १८९९ चं, डेन्मार्कच्या उत्तर टोकावरच्या स्कागेन किनाऱ्याचं चित्र इथे लागलंय : निळसर संध्याकाळ, चित्रकार स्वतः, बायको मारी आणि शेजारी कुत्रा. वर सांगितलेली ‘एक मोठं, एक छोटं’ जोडी हीच.

तंबाखूनंतर बिअर! कार्ल्सबर्गच्या कार्ल याकोबसेन यांचं ग्लिप्टोटेक तिवोली बागेच्या समोरच आहे. ग्रीक-रोमन शिल्पं, शिल्पकार रोदाँ, चित्रकार गोगँ (त्याची बायको डॅनिश होती) आणि मधोमध काचेच्या घुमटाखाली ताडामाडांची बाग. पाऊस लागला तर इथे या. आणि कोपनहेगनमध्ये पाऊस लागतोच.

कोपनहेगनहून आर्हुसला ट्रेनने साधारण तीन तास. आरोसच्या गच्चीवर कलाकार ओलाफुर एलिआसनची इंद्रधनुष्यी रंगांच्या काचांची गोल वाट आहे, १५० मीटर लांबीची. चालाल तसं शहर लाल, पिवळं, हिरवं, निळं होत जातं. मुलं सोबत असतील तर हमखास आवडेल. पण एका दिवसात जाऊन परत येण्याचा आटापिटा आम्ही सुचवत नाही, एक मुक्काम करा.

स्कागेन अगदी उत्तर टोकाला. आंखर हे चित्रकार दांपत्य आणि क्रोयर जिथे राहून रंगवत होते तिथेच त्यांचं म्युझियम आहे. आना आंखरने टिपलेलं खोलीतलं ऊन बघायला जायचं तर जून ते ऑगस्टमध्येच जा. आर्हुसहूनही जवळपास अर्धा दिवस प्रवासात जातो. तेवढी सवड नसेल तर हिर्शस्प्रुंगमधल्या चित्रावर भागवा.

थोडं व्यवहाराचं. डेन्मार्कला शेंगेन व्हिसा लागतो, पण चलन युरो नाही, डॅनिश क्रोन. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. १८ वर्षांखालच्या मुलांना यातल्या बहुतेक ठिकाणी तिकीट नाही. पासपोर्टची झेरॉक्स जवळ असू द्या. पाठीवरच्या सॅक लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात. चिवडा-लाडूचे डबेही तिथेच ठेवा आणि बाहेर बागेत खा. फोटो काढता येतात, पण फ्लॅश बंद ठेवून. बुकिंगच्या वेळी घरातल्या कुणाला फार चालवत नसेल तर आधीच सांगा, म्हणजे हुम्लेबेक स्टेशनवरून टॅक्सीची सोय करता येईल.