घोड्याचा लगाम : निवड आणि वापर

घोड्याला वळवण्या-थांबवण्यासाठी त्याच्या डोक्यावर चढवायचा साज म्हणजे लगाम. डोक्यावरचे पट्टे, तोंडात बसणारी धातूची दांडी, तिच्या दोन टोकांच्या कड्या आणि हातात धरायच्या वाद्या हे त्याचे भाग. या नोंदीत मुख्यतः दांडीचा विचार केला आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरतो. तिथे मारवाडी, काठियावाडी अशी निरनिराळ्या ठेवणीची जनावरे येतात आणि त्यांच्या भोवऱ्यांवर, कानांवर, चालीवर तासन्‌तास खल चालतो. जबडा उघडला जातो तो वय पाहण्यापुरता. दांडीच्या मापासाठी तोंड पाहणारे गिऱ्हाईक विरळाच.

घोड्याच्या खालच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तिथे हाडावर हिरडीचे पातळ आवरण तेवढे असते, आणि दांडी नेमकी तिथेच, जिभेवर टेकते. नरांना साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी या जागेत सुळे येतात. घोडींना ते बहुधा नसतात. काही घोड्यांना वरच्या पहिल्या दाढेच्या पुढे एक लहानसा जादा दात असतो. दांडी त्यावर घासली की घोडा मान उडवतो आणि मालक त्याला खोडकर ठरवतो. म्हणून घोडा लगाम मानत नसेल तर आधी पशुवैद्याकडून दात पाहून घ्यावेत. दाढांच्या धारदार कडांनी गाल सोलले असतील तर कोणतीही दांडी त्याला बोचणारच.

माप घेण्यासाठी गुळगुळीत काठी किंवा दोरी तोंडातून आडवी घालून दोन्ही ओठांच्या कडेला खूण करतात. त्या अंतराला प्रत्येक बाजूने सुमारे अर्धा सेंटिमीटर वाढवला की दांडीची लांबी मिळते. बऱ्याच घोड्यांना ती १२ ते १३ सेंटिमीटर भरते, तट्टांना कमी. आखूड दांडी ओठ चिमटते. लांब दांडी तोंडात इकडेतिकडे सरकते. जाड दांडीचा दाब पसरतो म्हणून ती सौम्य मानतात, पण लहान तोंडाच्या, मांसल जिभेच्या घोड्याला तीच अडचणीची होते. ओठांच्या कोपऱ्यांत एखाददुसरी सुरकुती पडेल इतपत पट्टे आवळावेत.

दांड्यांचे मुख्य प्रकार दोन. स्नॅफलमध्ये वाद्या थेट कड्यांना जोडलेल्या असतात. हाताने जितके ओढावे तितकेच तोंडात पोहोचते. कर्बमध्ये दांडीच्या बाजूंना उभे दांडे आणि हनुवटीखाली साखळी असते, म्हणजे ती तरफच. खालचा दांडा वरच्याच्या तिप्पट असेल तर एक किलोचा ओढा तोंडावर तीन-चार किलोंचा दाब आणतो. साखळी पीळ न पडता सपाट बसली पाहिजे. कर्ब वाईट नाही. ती हलक्या, शिकलेल्या हातासाठी आहे. उधळणाऱ्या घोड्याला आवरायला ती नवशिक्याच्या हाती देणे हा उलटा व्यवहार झाला.

कामानुसारही निवड बदलते. टांग्याच्या घोड्याला मांडीची, टाचेची खूण देता येत नाही. टांगेवाल्याकडे आवाज, चाबूक आणि वाद्या एवढेच असते, त्यामुळे तिथे तोंडाची संवेदना जपणे सर्वांत महत्त्वाचे. वारीत माळशिरस तालुक्यातल्या रिंगणांत माउलींचा अश्व स्वाराविना धावतो. दुसऱ्या अश्वावरच्या स्वाराच्या हाती जरीपटका असतो, म्हणून वाद्या एका हातात राहतात. असा घोडा मानेवर टेकणाऱ्या वादीच्या स्पर्शाने वळायला शिकलेला हवा. ते काम दांडीचे नव्हे, तालमीचे. वरातीत बँड-फटाक्यांच्या गोंगाटात घोडा हाताने धरून चालवतात. तेव्हा धरायची दोरी दांडीच्या कडीला न बांधता लगामाखाली घातलेल्या वेगळ्या म्होरकीला (दांडी नसलेल्या डोक्याच्या साजाला) बांधावी, नाहीतर प्रत्येक हिसका थेट जबड्यावर येतो.

काटेरी किंवा टोके असलेली दांडी वापरण्यास १९६५ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. तारेचा पीळ घातलेल्या दांड्याही टाळलेल्या बऱ्या.

जीभ दांडीवरून बाहेर काढणे, तोंड उघडे ठेवणे, मान एका बाजूला तिरपी धरणे, लाळेत रक्त दिसणे ही त्रासाची लक्षणे. ओठाचा कोपरा फाटला असेल तर जखम भरेपर्यंत दांडी घालूच नये. लगाम चढवताना दातांवर लोखंड आपटू नये. ओठाच्या कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत अंगठा घातला की घोडा तोंड उघडतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. उन्हात टांगलेली दांडी आधी पाण्यात बुडवून घ्यावी, आणि घोडा चारा खात उभा असेल तेव्हा ती काढून ठेवावी. कामानंतर धुतली नाही तर वाळलेली लाळ आणि चारा दुसऱ्या दिवशी कातडी खरवडतात. एका घोड्याची दांडी न धुता दुसऱ्याला घालणे तर धोक्याचेच, कारण ग्लँडर्ससारखा माणसालाही होणारा रोग दूषित साजातून पसरू शकतो.