एल टुंकोचा मुक्काम आणि ‘सर्फ सिटी’ नावाचा घोळ

एल साल्वादोरमधल्या एल टुंकोला तीन-चार रात्रींसाठी जाणाऱ्याच्या हातात हल्ली नकाशा पडतो तो ‘सर्फ सिटी’चा. विमानतळापासूनच्या वाटेवर पाट्याही त्याच. उतरल्यावर मात्र शहर काही सापडत नाही. एक अरुंद गल्ली, तिच्या टोकाला काळी रेती, गोल गोटे आणि पाण्यात उभा खडक. त्या खडकात कुणाला तरी डुक्कर दिसलं, म्हणून नाव टुंको. तिकडच्या बोलीत डुकराला तोच शब्द. लाट मागे सरते तेव्हा गोटे एकमेकांवर घासत खडखडतात. रात्री अंथरुणात पडल्यावर कानावर येतो तो बराचसा त्यांचाच आवाज.

भलत्याच नावानं ओळखलं जाणं या किनाऱ्याला नवं नाही. इथल्या डोंगरउतारावरच्या झाडांचा सुगंधी चीक वसाहतकाळात युरोपात पोचला तो ‘पेरूचा बाल्सम’ म्हणून. माल पेरू देशातल्या कायाओ बंदरातून पुढे जायचा, एवढाच पेरूचा संबंध. औषधशास्त्रात आजही पेरूच चिकटलेला आहे. किनाऱ्याच्या वाट्याला ‘कोस्ता देल बाल्सामो’, म्हणजे बाल्समचा किनारा, हे नाव तेवढं राहिलं.

पुढे कॉफी, मग मासेमारी. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियाचे सर्फर, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवर घसरणारे, पुंता रोका इथल्या उजवीकडे फुटत जाणाऱ्या लांब लाटेसाठी येऊ लागले. 1980 ते 1992 यादवी चालली, सुमारे 75,000 माणसं मेली आणि फळ्या घेऊन येणारे जवळजवळ थांबले. 2001मध्ये देशानं डॉलर स्वीकारला. अमेरिकन पाहुण्याला खिशातल्याच नोटेवर पुपुसा मिळू लागला. (पुपुसा म्हणजे चीज नाहीतर राजम्याचं सारण भरून हातावर थापलेली मक्याची जाड भाकरी. तव्याशेजारी उभं राहून खावी.)

खरा घोळ 2019नंतरचा. नवं सरकार आलं आणि ‘सर्फ सिटी’ जाहीर झाली. ही योजना म्हणजे ला लिबेर्ताद बंदराच्या परिसरापासून एल सोंतेपर्यंतची साधारण वीस किलोमीटरची पट्टी. तिच्यातला पुंता रोका बंदराच्या गावात, एल टुंको आणि सुनसाल तामानिके पालिकेत, एल सोंते चिल्तिउपानमध्ये. म्हणजे या ‘सिटी’ला ना महापौर, ना मतदारयादी. त्यात ला लिबेर्ताद हे प्रांताचंही नाव आणि गावाचंही; म्हणून माणसं गावाला नुसतं ‘एल पुएर्तो’, बंदर, म्हणतात. मे 2024मध्ये देशातल्या 262 पालिकांच्या 44 झाल्या आणि वरच्या तिन्ही एकाच मोठ्या पालिकेत आल्या. निदान तेव्हा तरी नाव आणि हद्द जुळवता आली असती. पालिकेचं नाव ठरलं ‘ला लिबेर्ताद कोस्ता’. दरम्यान पूर्वेकडे पुंता मांगोच्या बाजूला ‘सर्फ सिटी 2’ सुरूही झाली होती. ज्या शहराला क्रमांक देता येतो ते शहर नव्हे, छाप आहे.

आणि छाप इंग्रजी, तीही स्पॅनिश बोलणाऱ्या देशात. कॅलिफोर्नियात याच शब्दांवरच्या हक्कासाठी दोन गावांतला वाद कोर्टापर्यंत गेला होता. बाल्समसारखंच हे नावही गिऱ्हाईक बघून ठेवलेलं आहे. रस्ता रुंद झाला, हे खरं. पूर्वी बंदराच्या गावात बस अडकायची. पण जमिनीचे भाव चढले तेव्हा होडीवाल्याचं पोर आणि परदेशी गुंतवणूकदार एकाच रांगेत उभे राहिले. सरकारी माहितीपत्रकं पहिली गोष्ट मोठ्या अक्षरांत सांगतात.

नाव जगभर झालं ते 2021मध्ये. मे अखेरीस सुनसाल आणि ला बोकाना इथे टोकियो ऑलिंपिकसाठीची शेवटची पात्रता स्पर्धा भरली. ती 6 जूनला संपली. आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी मायामीतल्या परिषदेला ध्वनिचित्रफीत पाठवून बिटकॉइनला अधिकृत चलन करण्याचा मनोदय सांगितला. चारच दिवसांत कायदा मंजूर झाला, 7 सप्टेंबरला लागूही. त्याचं मूळ याच पट्टीत: एल सोंतेत 2019पासून एका निनावी देणगीवर छोट्या दुकानांत बिटकॉइन फिरवण्याचा प्रयोग चालू होता. जानेवारी 2025मध्ये नाणेनिधीच्या कर्जाच्या अटींपायी दुकानदारांवरची बिटकॉइन घेण्याची सक्ती काढली. गल्लीत तोवरही डॉलरच चालत होता.

मार्च 2022मध्ये एका शनिवार-रविवारच्या सुमारास टोळ्यांच्या हातून 87 खून झाले आणि आणीबाणी लागली. ती महिन्यामहिन्यानं वाढत राहिली, अटका 80,000च्या वर गेल्या. पूर्वी टोळ्यांच्या भीतीनं अंधार पडायच्या आत खोली गाठणारे पाहुणे आता रात्री बाराला गल्लीत फिरतात. त्या अटकांत निरपराध किती, हा प्रश्न पाहुण्यांच्या गप्पांत क्वचित येतो. किनाऱ्यावरच्या घरांत येतो, पण हळू आवाजात.

भारतीय पासपोर्टवाल्यासाठी एक तारीख वेगळी आहे. 23 ऑक्टोबर 2023पासून त्या देशाच्या विमानतळावर भारत आणि मुख्यतः आफ्रिकी देशांच्या नागरिकांना 1,000 डॉलर आणि वर कर, असे 1,130 डॉलर लावले गेले. अमेरिकेकडे चोरवाटेनं जाणाऱ्यांना अडवण्यासाठी ते आहे, असाच अर्थ सगळ्यांनी काढला. कागदोपत्री त्याचं नाव आहे विमानतळ सुधारणा शुल्क. एवढ्या पैशांत एल टुंकोच्या एखाद्या साध्या हॉस्टेलात महिना निघतो. तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला या नावानं विचारून घ्यावं. ‘व्हिसा लागतो का’ एवढंच विचारलं, तर हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही.