अल्ट्रा वाइड झूम की फिशआय? रेषा जपायची की गोलाई

१५ मिमीची फिशआय आणि १६ मिमीपासून सुरू होणारी अल्ट्रा वाइड झूम यांच्या फोकल लेंग्थच्या, म्हणजे लेन्सवर मिमीत लिहिलेल्या आकड्यांत फरक फक्त १ मिमीचा. पण फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा असतो) पहिली एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत १८० अंश पाहते, तर दुसरी सुमारे १०७. दोन्हींनी खोलीचं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चित्र येतं, दोन्हींत कडेची माणसं विचित्र दिसतात, म्हणून दुकानात या दोन लेन्स एकाच कप्प्यातल्या समजल्या जातात. कमी मिमी म्हणजे जास्त रुंद, एवढाच हिशेब डोक्यात असला तर चुकीची लेन्स घरी येते.

खरा फरक किती दिसतं याचा नाही, दिसलेलं सपाट कागदावर कसं पसरलं जातं याचा आहे. आपल्या भोवतीचं जग गोलाच्या आतल्या बाजूसारखं आहे आणि सेन्सर सपाट. पृथ्वीचा नकाशा काढताना जी अडचण येते तीच इथे येते: काहीतरी ताणावं तरी लागतं, नाहीतर वाकवावं तरी लागतं. नेहमीची अल्ट्रा वाइड लेन्स, जिला रेक्टिलिनियर म्हणतात, सरळ रेषा सरळ ठेवते आणि त्याची किंमत म्हणून कडेच्या वस्तू बाहेरच्या दिशेने ताणते. फिशआय वस्तूंची गोलाई बऱ्यापैकी सांभाळते आणि त्यासाठी रेषा वाकवते.

एक चेंडू घेऊन हे मोजता येतं. तो फ्रेमच्या केंद्रापासून ५० अंश बाजूला धरला, तर रेक्टिलिनियर लेन्समध्ये तो जितका रुंद त्याच्या दीडपटीहून थोडा जास्त लांब दिसेल, अंड्यासारखा. त्याच कोनावर फिशआयमध्ये तो उलट किंचित चेपलेला दिसेल, लांबी रुंदीच्या सुमारे ०.८ पट. जसजसं केंद्रापासून दूर जावं तसतसं रेक्टिलिनियरचं ताणणं बेसुमार वाढतं आणि ९० अंशांवर ते अनंत होतं. म्हणूनच १८० अंश पाहणारी रेक्टिलिनियर लेन्स कोणीही बनवू शकत नाही. कॅननची ११-२४ मिमी एफ/४ (एफ म्हणजे प्रकाश आत येण्याच्या छिद्राचं, अपर्चरचं माप) ही २०१५ मधली झूम ११ मिमीला १२६ अंशांपर्यंत जाते, आणि तेवढ्यासाठी तिचं वजन १,१८० ग्रॅम आहे.

‘फिशआय’ हे नाव अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी १९०६ मध्ये वापरलं. शांत पाण्याखालून वर पाहिलं की प्रकाशाच्या अपवर्तनामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं सगळं आकाश सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं. माशाला दिसणारं जग असं असेल, ही ती कल्पना. फिशआय लेन्सचा पहिला उपयोगही कलेसाठी नव्हता, संपूर्ण आकाश एका चित्रात घेऊन ढगांचा अभ्यास करण्यासाठी होता.

आणखी एक गोंधळ इथेच मोकळा करू. स्वस्त अल्ट्रा वाइड झूममध्ये १० मिमीला दाराची चौकट किंचित फुगलेली दिसते आणि लोक म्हणतात, ‘फिशआय झालं.’ नाही. तो लेन्सच्या रचनेतला दोष आहे, बॅरल डिस्टॉर्शन, आणि सॉफ्टवेअरमधलं त्या लेन्सचं प्रोफाइल, म्हणजे तयार दुरुस्ती, लावलं की जवळजवळ पूर्ण जातो. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत तर तो आतल्या आतच काढला जातो. कडेच्या चेहऱ्याचं ताणणं मात्र दोष नाही, भूमिती आहे. कितीही महाग लेन्स घेतली तरी ते राहणारच. १६ मिमीने घेतलेलं चित्र ९० सेंमी रुंद छापा आणि बरोबर ४० सेंमीवरून, एक डोळा मिटून, मध्यावर नजर ठेवून पाहा: ताणलेला चेंडू पुन्हा गोल दिसेल. आपण चित्रं इतक्या जवळून पाहत नाही, म्हणून ताण जाणवतो.

आता घेण्याबद्दल. आधी आपला सेन्सर कोणता ते पाहा. १६-३५ मिमी ही फुल फ्रेमवर अल्ट्रा वाइड आहे, १.५ पट क्रॉप सेन्सरवर, म्हणजे दीडपट लहान सेन्सरवर, ती जेमतेम २४-५२ सारखी वागते, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सपेक्षा फारशी रुंद नाही. क्रॉप सेन्सरवाल्यांनी १० मिमीच्या आसपास सुरू होणारी झूम घ्यावी: कॅननची १०-१८, निकॉनची १०-२० किंवा टोकिनाची ११-१६ एफ/२.८. या टोकाला एकेक मिमी महत्त्वाचा असतो. ७० आणि ७२ मिमीत कोणाला फरक कळणार नाही, पण १६ वरून १४ वर गेलं की कर्णावरचा दृश्यकोन १०७ वरून ११४ अंश होतो. फिशआयलाही हाच नियम. फुल फ्रेमसाठीची १५ मिमी फिशआय क्रॉप सेन्सरवर लावली तर १८० अंशांचे साधारण ११२ उरतात. रेषा वाकलेल्या राहतात आणि रुंदी जाते, म्हणजे दोन्हीकडून तोटा. क्रॉपवर १८० हवे असतील तर १० मिमीच्या आसपासची फिशआय लागते.

फिशआयमध्येही झूम असतात, आणि तिथे झूम फिरवण्याचा अर्थच वेगळा आहे. कॅननची ८-१५ मिमी एफ/४ किंवा निकॉनची २०१७ मधली ८-१५ मिमी घ्या. फुल फ्रेमवर ८ मिमीला काळ्या चौकटीत पूर्ण गोल चित्र मिळतं, १५ ला चित्र फ्रेम भरतं, आणि मधल्या आकड्यांवर कोपरे काळे राहतात. फुल फ्रेमवर ही झूम म्हणजे खरं तर एकात दोन लेन्स. मधला पट्टा फारसा कामाचा नाही. अल्ट्रा वाइड झूममध्ये मात्र १६ ते ३५ मधला प्रत्येक टप्पा वापरात येतो, आणि ३५ ला ती साधी, रोज गळ्यात अडकवण्याजोगी लेन्स होते. म्हणून पहिली रुंद लेन्स घेणाऱ्याला आमचं उत्तर एकच: अल्ट्रा वाइड झूम. फिशआय नंतर, तिचं नेमकं काम समोर उभं राहिलं की.

पुढची काच फुगीर आहे का, हेही घेण्याआधी पाहायला हवं. निकॉनची १४-२४ एफ/२.८ ही २००७ मधली गाजलेली लेन्स अशी आहे. तिच्यावर साधा स्क्रू-फिल्टर बसत नाही. धबधब्याचं पाणी रेशमासारखं हवं म्हणून प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावणाऱ्याला ७७ मिमीचा फिल्टर घेणारी १६-३५ एफ/४ जास्त सोयीची. फिशआयवर पुढे फिल्टर लावायचा विचारच सोडावा, फिल्टरची कडा चित्रात येईल. काही फिशआयच्या मागच्या बाजूला जिलेटिनच्या फिल्टरचा तुकडा बसवायची खाच असते. आकाश गडद करणारा पोलरायझर फिल्टर मात्र अल्ट्रा वाइडवर बसत असला तरी आकाशासाठी लावू नका. सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाशच तो सर्वांत गडद करतो, आणि १०० अंश दिसत असताना निळ्या आकाशात मधोमध एक काळपट पट्टा उमटतो. नंतर तो घालवणं महाकठीण.

वापरताना सर्वांत मोठी चूक दोन्ही लेन्सबाबत सारखीच होते: ‘सगळं मावावं’ म्हणून त्या लावल्या जातात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहून १६ मिमीने फोटो घेतला की कडा मावतो खरा, पण नखाएवढा दिसतो आणि खाली अर्धी फ्रेम रिकामी जमीन. रुंद लेन्स जवळच्या गोष्टीसाठी आहे. काठावरचा एखादा दगड, गवताचा तुरा, कासच्या पठारावर एखादं फूल अर्ध्या मीटरवर घ्या, म्हणजे मागचं विस्तीर्ण दृश्य त्याच्या आधाराने उभं राहतं. फुल फ्रेमवर १६ मिमी, एफ/८ ला साधारण १.१ मीटरवर फोकस केलं तर ५५ सेंमीपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. क्रॉप सेन्सरवर १० मिमी, एफ/८ ला हाच फोकस ६५ सेंमीवर ठेवा. जवळची हद्द सुमारे ३२ सेंमी होते. एफ/१६ च्या पुढे जाण्यात अर्थ नाही, विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, पूर्ण चित्रच मऊ पडतं.

कोकणकड्यावर फिशआय लावण्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: लावू नये. तो कडा मुळातच अर्धवर्तुळाकार, आत वळलेला आहे. फिशआय त्यात स्वतःची वक्रता मिसळते आणि पाहणाऱ्याला निसर्गाचं वळण किती, लेन्सचं किती, हे कळत नाही.

कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन्ही लेन्स शेजारी ठेवून पाहिल्या तर फरक एका फेरीत समजतो. मधोमध उभं राहून १६ मिमीने घ्या: दोन्ही बाजूंच्या खांबांच्या ओळी स्तूपाकडे सरळ धावतात, पण फ्रेमच्या कडेचे खांब मधल्यांपेक्षा जाडजूड दिसतात. फिशआयने घ्या: खांबांची जाडी तितकी फुगत नाही, पण ते पिंपाच्या पाट्यांसारखे बाहेर वाकतात. आणि छताच्या लाकडी कमानी? त्या मुळातच वक्र असल्याने फिशआयचं वाकवणं तिथे जवळजवळ लपून जातं. घुमट, कमानी, वडाच्या फांद्या, गोल विहीर अशा वक्र गोष्टींत फिशआय शोभते. वाड्याच्या चौकातून वर दिसणारा आकाशाचा चौकोन, दारं, जिने, रस्ते यांना रेक्टिलिनियरच हवी.

वेरूळच्या कैलास लेण्यात खालच्या प्रांगणातून कॅमेरा वर वाकवला की मंदिर मागे कोसळतंय असं वाटतं. उभ्या रेषा एकत्र येतात, कारण सेन्सर उभा राहिलेला नाही. रेक्टिलिनियरमध्ये रेषा सरळच राहतात, फक्त तिरक्या होतात. कॅमेऱ्याची लेव्हल लावून तो सरळ धरा, वरचा भाग घेण्यासाठी उभी फ्रेम वापरा आणि खालची जादा जमीन नंतर कापा. सॉफ्टवेअरने उभ्या रेषा सरळ करता येतात, पण बाजूचा बराच भाग त्यात जातो, म्हणून घेतानाच चारही बाजूंनी सैल घ्या.

फिशआयचं वळण वेगळं शिकावं लागतं. फ्रेमच्या केंद्रातून जाणारी कुठलीही रेषा ती वाकवत नाही. क्षितिज बरोबर मध्यावर ठेवा, ते सरळ येईल. कॅमेरा खाली झुकवून क्षितिज वर गेलं की ते टेकडीसारखं फुगतं. कॅमेरा वर केला की क्षितिज वाटीसारखं खोलगट होतं. आणि १८० अंश म्हणजे अक्षरशः १८०: ट्रायपॉडचा पाय, स्वतःचे बूट, लेन्सखाली धरलेली बोटं, पाठीशी सूर्य असेल तर आपली सावली, सगळं फ्रेममध्ये येतं. दाबण्याआधी चारही कडांवरून नजर फिरवायची सवय लावा.

लग्नातला समूह फोटो ही दोन्ही लेन्सची खरी परीक्षा. १६ मिमीने एका रांगेत उभ्या माणसांची उंची सारखी राहते, पण अगदी कडेच्या माणसाचं डोकं दीडपट रुंद होतं. २४ मिमीवर हाच ताण सव्वापट, ३५ वर नगण्य. म्हणून मागे सरका, २४ च्या खाली जाऊ नका, आणि रांग सरळ ठेवा; कॅमेऱ्याभोवती अर्धवर्तुळ केलंत तर कडेचे आणखी मोठे होतील. फिशआयला नेमकं उलट: सरळ रांगेत कडेची माणसं लहान होत जातात, म्हणून तिथे रांग कॅमेऱ्याभोवती वळवा.

मालवण-तारकर्लीच्या पाण्यात मात्र फिशआय झूमला तोड नाही. पाणी गढूळ असताना विषय आणि लेन्स यांच्यातलं पाणी कमी करणं हाच स्पष्ट फोटोचा मार्ग. फिशआय अगदी जवळ फोकस करते आणि पाण्याखाली सरळ रेषा फारशा नसतात, त्यामुळे वाकणं कोणाच्या लक्षात येत नाही. टोकिनाची १०-१७ मिमी फिशआय झूम पाण्याखाली छायाचित्रण करणाऱ्यांत याच कारणाने लोकप्रिय झाली.

फिशआय घेऊन नंतर संगणकावर रेषा सरळ करू, हा हिशेबही अनेक जण करतात. हगिनसारख्या मोफत सॉफ्टवेअरने ते होतं, पण पूर्ण १८० अंश सपाट करणं शक्य नाही. कोपरे कापावे लागतात, आणि उरलेल्या कडा इतक्या ताणल्या जातात की तिथला तपशील विरघळतो. अडीनडीला ठीक; रोज हेच करायचं असेल तर अल्ट्रा वाइड झूमच घ्यावी.

जुनी लेन्स घेताना एफ/५.६ ला विटांच्या भिंतीचा समोरून, कॅमेरा भिंतीला समांतर ठेवून फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. चारही सारखेच किंचित मऊ असतील तर ती लेन्सची मर्यादा. एकच कोपरा किंवा एकच बाजू मऊ असेल तर आतली काच सरकलेली आहे, सोडून द्या. मग अपर्चर पूर्ण उघडं ठेवून मागून टॉर्च मारून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती हमखास येते, म्हणून घरी आणल्यावर लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवून घ्या.