पेवात उतरण्याआधी

सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायची ती जमिनीखाली, पेवात. तोंड अरुंद, पोट मोठं. काढताना आधी तोंड उघडून हवा खेळू द्यायची, कंदील सोडून बघायचा. तो विझला नाही तरच हमाल आत उतरणार. डेटाबेसच्या, म्हणजे माहिती साठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या धंद्याची सगळी गोम अशीच त्या तोंडाशी आहे: भरणं सोपं, काढणं अवघड.

मार्केट यार्डातल्या ओळखीच्या एका अडत दुकानात अजून फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसवर हिशेबाच्या पट्ट्या निघतात. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट 2015 मध्येच थांबवला. नवं सॉफ्टवेअर घ्यायला शेठची ना नाही. पण जुनी खाती हलवायला बसलो, तर एकाच शेतकऱ्याची तीन खाती निघाली: ‘पाटील आ. बा.’, ‘आबा पाटील’ आणि नुसतंच ‘आबा, कवलापूर’. कुठली उचल कुठल्या आबांची, हे फक्त दिवाणजींना ठाऊक.

यावरचा उपाय तसा जुना. आयबीएम या संगणक कंपनीतल्या एडगर कॉड यांनी 1970 साली माहिती तक्त्यांत मांडायची रीत सुचवली. शेतकरी एका तक्त्यात एकदाच, त्याला एक क्रमांक. सौद्याच्या तक्त्यात नाव नाही, फक्त तो क्रमांक. आयबीएम रेंगाळली आणि 1979 मध्ये एसक्यूएलवर, म्हणजे अशा तक्त्यांना प्रश्न विचारायच्या भाषेवर, चालणारा डेटाबेस विकायला आणला तो आज ओरॅकल म्हणतात त्या कंपनीने. गिऱ्हाइकांनी तक्ते भरलेच, वर हिशेबाचे नियमही ओरॅकलच्याच बोलीत लिहून ठेवले. ती बोली दुसऱ्या डेटाबेसला जशीच्या तशी कळत नाही. खुद्द अ‍ॅमेझॉन, जी स्वतः डेटाबेस विकते, तिलाही आपल्या किरकोळ विक्रीच्या धंद्यातले सुमारे 7,500 ओरॅकल डेटाबेस रिकामे करायला काही वर्षं लागली. त्यात 75 पेटाबाइट, म्हणजे साडेसात कोटी गिगाबाइट माल होता. शेवटचा डेटाबेस 2019 मध्ये बंद झाला.

मधल्या काळात मोंगोडीबी, स्नोफ्लेक अशा नव्या डेटाबेसांचं पेवच फुटलं. मला मात्र वजनदार वाटतो तो पोस्टग्रेस. 1986 साली बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेला, फुकट, कुणा एका कंपनीच्या मालकीचा नसलेला. अ‍ॅमेझॉन, गुगल, मायक्रोसॉफ्ट तिघंही तो भाड्याने देतात. वाढ आहे ती या भाड्यात: सॉफ्टवेअर फुकट, सांभाळण्याचे पैसे. अर्थात भाड्याच्या जागेतही तोंड अरुंद करता येतं. अ‍ॅमेझॉनचा डायनॅमोडीबी अ‍ॅमेझॉनच्याच क्लाउडवर, म्हणजे तिच्या भाड्याच्या संगणकांवर मिळतो.

पोस्टग्रेस फुकट आहे म्हटल्यावर शेठ खूश झाले नाहीत. ‘उद्या दुसरीकडं न्यायचं म्हटलं तर?’ एवढंच विचारलं. सगळी खाती साध्या मजकुराच्या फाइलीत काढून दाखवली, तेव्हा मान डोलावली. तीन आबांचा निकाल मात्र हळदीचा हंगाम संपल्यावर, दिवाणजींना सवड झाली की.