‘व्हॅटेड’ गेलं, ‘ब्लेंडेड’ राहिलं: स्कॉचच्या लेबलावरच्या दोन शब्दांची पार्श्वभूमी

स्कॉचच्या एका बाटलीवर ‘ब्लेंडेड मॉल्ट’ लिहिलेलं असतं, शेजारच्या बाटलीवर ‘ब्लेंडेड स्कॉच’. पहिलीत निरनिराळ्या डिस्टिलऱ्यांची, पण फक्त मॉल्ट व्हिस्की, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची, असते. दुसरीत मॉल्टबरोबर ग्रेन व्हिस्कीही, म्हणजे गहू-मक्यासारख्या धान्यांचीही, असते, आणि बहुतेक वेळा तीच जास्त असते. दोन्हींच्या चवीत, किमतीत आणि घडणीत मोठा फरक आहे. तरी दोन्हींवर मिसळण्यासाठी शब्द एकच. २००९पर्यंत तसं नव्हतं. पहिलीला ‘व्हॅटेड मॉल्ट’ म्हणत, आणि गोंधळाला फारशी जागा उरत नसे.

व्हॅट म्हणजे मोठा लाकडी हौद. बरीच पिंपं त्यात रिकामी करून एकजीव करायची, हे व्हॅटिंग. शब्द जुना आणि कामगारांच्या तोंडचा. ‘ब्लेंड’ उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. तो कुठल्याही मिसळण्याला चालतो, चहाला आणि तंबाखूलाही. व्हिस्कीच्या व्यापाऱ्यांनी सुरुवातीला दोन्ही शब्द सैलपणेच वापरले. पुढे रूढीने वाटणी झाली: एकाच जातीची व्हिस्की एकत्र केली तर व्हॅटिंग, मॉल्ट आणि ग्रेन एकत्र केली तर ब्लेंडिंग.

ही वाटणी गरजेची झाली ती ग्रेन व्हिस्कीमुळे. अखंड चालणाऱ्या उभ्या भट्टीचं पेटंट १८३०चं. ते घेणारा आयर्लंडच्या अबकारी खात्यातला माजी अधिकारी होता. या भट्टीतून हलकी, स्वस्त व्हिस्की भरपूर निघू लागली. १८६०च्या कायद्याने कर भरण्याआधीच, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात मॉल्ट आणि ग्रेन मिसळायला मोकळीक दिली आणि ब्लेंडचा धंदा उभा राहिला. त्याच शतकात फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर कीड पडली, ब्रँडी दुर्मीळ झाली आणि इंग्लंडमधल्या ग्लासांत ब्लेंडेड व्हिस्की आली.

मॉल्टवाल्यांना हे रुचलं नाही. उभ्या भट्टीतला मद्यार्क ही व्हिस्कीच नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद कोर्टात गेला तो लंडनच्या इस्लिंग्टन भागात. तिथल्या स्थानिक प्रशासनाने अन्न आणि औषधांच्या भेसळीचा १८७५चा कायदा वापरून काही विक्रेत्यांवर खटले भरले. १९०६मध्ये न्यायाधीशाने मॉल्टवाल्यांच्या बाजूने कौल दिला. अपिलात न्यायपीठाची मतं समसमान विभागली गेली आणि प्रश्न लटकला. शेवटी शाही आयोग नेमला गेला. १९०९च्या त्याच्या अहवालाने मॉल्टवाल्यांची जुनी भांड्याची भट्टी आणि ही उभी भट्टी, दोन्हींच्या मालाला व्हिस्की म्हणायला मान्यता दिली. ब्लेंडमध्ये मॉल्ट किमान किती हवी, हे मात्र ठरवलं नाही. ते आजतागायत ठरलेलं नाही. ब्लेंडच्या बाटलीत मॉल्ट किती, हे लेबलावरून कळत नाही ते म्हणूनच.

त्यानंतरचे कायदे मुरवण्याच्या मुदतीचे आणि व्याख्येचे. किमान तीन वर्षांची अट पहिल्या महायुद्धाच्या काळात आली, स्कॉचचा स्वतंत्र कायदा १९८८मध्ये. ‘व्हॅटेड’ या शब्दाला त्यातल्या कशानेही धक्का लागला नाही. तो लागला २००३मध्ये, एका टंचाईमुळे.

स्पेनमध्ये एका सिंगल मॉल्टला, म्हणजे एकाच डिस्टिलरीच्या मॉल्टला, इतकी मागणी आली की ती बनवणारी एकटी डिस्टिलरी पुरी पडेना. मालक कंपनी या धंद्यातली सर्वांत मोठी. तिने इतर डिस्टिलऱ्यांची मॉल्ट त्यात मिसळली, लेबलावरचं ‘सिंगल’ काढून ‘प्युअर’ लिहिलं आणि ब्रँडचं नाव तेच ठेवलं. ब्रँड आणि डिस्टिलरी यांचं नाव एकच राहू नये म्हणून डिस्टिलरीचंच नाव बदललं. नियमांत यातलं काही बसत नव्हतं असं नाही. पण स्पर्धक खवळले, कारण गिऱ्हाइकाच्या नजरेला बाटली जवळपास तीच होती. २००४मध्ये कंपनीने माघार घेतली.

धडा असा काढला गेला की ‘प्युअर’ हा शब्द फसवा आहे. ते पटण्यासारखं होतं. पण सफाईच्या त्या लाटेत ‘व्हॅटेड’ही वाहून गेला, आणि त्याने कुणाचंच काही बिघडवलं नव्हतं. धंद्याच्या संघटनेचं म्हणणं होतं की हा शब्द सामान्य गिऱ्हाइकाला कळत नाही, ऐकायला कारखानी वाटतो आणि भाषांतरात टिकत नाही. छोट्या मिश्रकांनी उलट बाजू मांडली. ‘ब्लेंडेड’ म्हटलं की लोकांना स्वस्त ब्लेंड आठवते. मग नुसत्या मॉल्टपासून बनवलेल्या मालाला तेच विशेषण का? ज्या शब्दाचा अर्थ शंभर वर्षं ‘मॉल्ट अधिक ग्रेन’ असा होता, त्याच्यापुढे ‘मॉल्ट’ जोडून ‘ग्रेन नाही’ असा अर्थ काढायला सांगणं ही गिऱ्हाइकाची सोय कशी, या प्रश्नाला पटेल असं उत्तर कुणी दिलं नाही. संघटनेत मोठ्यांचं वजन जास्त होतं, एवढंच.

२३ नोव्हेंबर २००९ला नवे नियम लागू झाले. वर्ग पाच: सिंगल मॉल्ट, सिंगल ग्रेन, ब्लेंडेड मॉल्ट, ब्लेंडेड ग्रेन, ब्लेंडेड स्कॉच. ‘प्युअर मॉल्ट’ बंद. जुनी लेबलं संपवायला दोन वर्षं मिळाली. मुदत संपण्याच्या रात्री, २२ नोव्हेंबर २०११ला, एका छोट्या कंपनीच्या लोकांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावर जाऊन बारा वाजायच्या आत अखेरची ‘व्हॅटेड मॉल्ट’ भरली. निषेध, आणि थोडी जाहिरातही.

एक गोष्ट या वादात मागे पडली. सिंगल मॉल्टसुद्धा क्वचितच एका पिंपाची असते. एकाच डिस्टिलरीची वेगवेगळ्या वयांची पिंपं हौदात एकत्र केली जातात. म्हणजे व्हॅटिंग रोज चालतं, धंद्यातली माणसं तो शब्द रोज वापरतात. तो फक्त लेबलावर चालत नाही. जपानी बाटल्यांवर तर ‘प्युअर मॉल्ट’ अजूनही दिसतं, कारण हे नियम स्कॉचपुरते आहेत.

मिसळलेल्या मालाबद्दल किती सांगायचं, हा पुढचा वाद २०१५मध्ये पेटला. एका मिश्रकाने आपल्या दोन व्हिस्कींचा प्रत्येक घटक, त्याचं प्रमाण आणि वय उघड केलं. लेबलावर किंवा जाहिरातीत फक्त सर्वांत तरुण घटकाचं वय देता येतं, असं त्याला कळवण्यात आलं. म्हणजे तीस वर्षांच्या व्हिस्कीत तीन वर्षांचा थेंब पडला, तर वय सांगताना तीनच सांगायचं किंवा गप्प बसायचं. मिश्रकाने माहिती काढून टाकली. मग विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला ती एकेकट्याने कळवायची वाट काढली. नियमात बदल व्हावा म्हणून मोहीम झाली, काही उत्पादकांनी पाठिंबा दिला, मोठ्या कंपन्या त्यात पडल्या नाहीत. नियम जागचा हलला नाही.

या सगळ्यात ‘ब्लेंडेड ग्रेन’बद्दल कुणी फारसं भांडलं नाही. पूर्वीची ‘व्हॅटेड ग्रेन’ ती हीच. दोन वा अधिक डिस्टिलऱ्यांची ग्रेन एकत्र करून बाटलीत भरणारेच मोजके असल्याने, नाव बदललं तरी ओरड करायला माणसं नव्हती.