साडेचार टनांखालचा तेलाचा पदर

सध्या एक रील बऱ्याच जणांच्या फोनवर फिरतंय. पांढरा कोट घातलेला माणूस जुन्या ट्रकच्या इंजिनात एक छोटी बाटली रिकामी करतो, ऑइल प्रेशरचा काटा वर चढतो आणि पाटी झळकते: 'इंजिन खोलू नका, आतून नवं करा!' मला हे पाठवणाऱ्यांत चांगले शिकलेले लोक आहेत, इंजिनिअरसुद्धा. काटा खरोखर चढतो, त्यात हातचलाखी काही नाही. फसगत पुढे होते, काटा चढला म्हणजे इंजिन सुधारलं असं आपण धरून चालतो तेव्हा.

हे रील आलं त्या सुमारास माझ्या मावसभावाच्या घरामागे, हिंगणा रोडला, टिनाच्या शेडखाली एक अख्खं इंजिन खोलून ठेवलेलं होतं. साठच्या दशकातल्या टाटा-मर्सिडीज ट्रकचं. टाटांच्या टेल्को कंपनीने (आजची टाटा मोटर्स) १९५४ साली डाइम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला हे ट्रक बनवायला घेतले, आणि १९६९ मध्ये करार संपेपर्यंत पुढच्या जाळीवर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा मिरवला. सहा सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), १२० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे सुमारे ४.६ लिटरचं डिझेल इंजिन. याच घराण्यातल्या पुढच्या इंजिनाला टाटांनी ६९२ म्हटलं: ६ सिलिंडर, ९२ चा बोअर. नागपूर म्हणजे जुन्या सहा नंबर आणि सात नंबर हायवेचा चौक. वाडीच्या ट्रान्सपोर्टच्या पट्ट्यात एखाद्या केस पिकलेल्या मिस्त्र्याला हे आकडे विचारा, झोपेत सांगेल.

घरी सगळं होत नाही. क्रँक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव फिरण्यात बदलणारा दांडा, त्याचं ग्राइंडिंग, सिलिंडरचं बोअरिंग, फ्युएल पंपाचं कॅलिब्रेशन ही कामं मशीनवाल्याकडेच जातात. खोलणं, धुणं, मोजणं आणि बांधणं मात्र घरी होतं, आणि त्यातलं मोजणं सगळ्यांत महत्त्वाचं. कारण झिजलेलं इंजिन म्हणजे फिरत्या-सरकत्या भागांमधल्या, मापाबाहेर गेलेल्या फटी. एक दशांश मिलिमीटर लोखंड गेल्याने धातू काही दुबळा होत नाही. पण तेवढ्याने फट दुप्पट-अडीचपट होते, आणि इंजिन फटींवरच चालतं.

बहुतेकांच्या डोक्यात चित्र असं असतं: क्रँक बेअरिंगवर, म्हणजे त्याला धरणाऱ्या अर्धगोल पात्यांवर, घासत फिरतो, तेल त्याला बुळबुळीत ठेवतं, एवढंच. आता थोडा हिशेब करू. ९० मिलिमीटरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ६३.६ चौरस सेंटीमीटर. डिझेल पेटतं तेव्हाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ७० किलो धरला, तर पिस्टनवर जवळपास साडेचार टनांचा भार येतो. हा भार कनेक्टिंग रॉडमधून क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे त्या चकचकीत दंडगोल भागावर उतरतो. तिथलं बेअरिंग समजा ६० मिलिमीटर व्यासाचं आणि ३० मिलिमीटर रुंदीचं आहे. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २५० किलो. ऑइल पंप देतो फार तर ३-४ किलो. चार किलोचा दाब अडीचशे किलोला उचलून धरेल कसा? तरीही नीट चालणाऱ्या इंजिनात क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना शिवत नाहीत. मधे तेलाचा पदर असतो, काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा. मग हा भार पेलतं कोण?

उत्तर सापडलं ते एका बुचामुळे. १८८३ च्या सुमारास ब्युशँप टॉवर हा इंग्रज इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं. आस फिरू लागला आणि भोकातून तेल आत जायच्या ऐवजी उसळून वर येऊ लागलं. त्याने बूच ठोकलं, ते बाहेर आलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. शेवटी प्रेशर गेज लावला, तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पलीकडे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता चौरस इंचाला १०० पौंड. पंप तर नव्हताच. दाब तयार करत होता खुद्द फिरणारा आस!

१८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. बेअरिंगचं भोक जर्नलपेक्षा किंचित मोठं असतं. भाराखाली जर्नल एका बाजूला सरकतो, म्हणून फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद होते, पाचरीसारखी. तेल धातूला चिकटून असतं, त्यामुळे फिरणारा पृष्ठभाग त्याला आपल्याबरोबर ओढत रुंद बाजूकडून अरुंद बाजूकडे नेतो. तिथे जागा कमी. तेल जवळजवळ दाबलं जात नाही आणि बाजूने निसटायला वेळ पुरत नाही. मग दाब चढतो, आणि जर्नलला उचलून धरेपर्यंत चढतो. पावसाळ्यात वर्धा रोडवर साचलेल्या पाण्यात वेगात शिरलेल्या गाडीचं चाक रस्ता सोडून पाण्यावर चढतं, ते याच कारणाने. रस्त्यावर ज्याने जीव जातो, त्यावरच इंजिन जगतं. पंपाचं काम पाचरीच्या तोंडाशी तेल पोचवायचं, भार उचलायचं नाही.

अजून एक गंमत आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा पेटतो. २००० आरपीएमला सेकंदाला सोळा-सतरा ठोके. प्रत्येक ठोका क्षणभराचा, आणि तेवढ्या वेळात फटीतलं तेल पिळून बाहेर काढणं भाराला जमत नाही. पुढचा ठोका येईपर्यंत पदर पुन्हा भरलेला असतो.

आता थोडं अवघड. आर्नोल्ड सोमरफेल्डने १९०४ मध्ये हे सगळं एका संख्येत बसवलं: तेलाचा दाटपणा गुणिले फेऱ्यांचा वेग, भागिले दर क्षेत्रफळावरचा भार, आणि या सगळ्याला गुणायचं जर्नलची त्रिज्या भागिले फट याच्या वर्गाने. संख्या मोठी तर पदर जाड, लहान तर पदर विरतो आणि धातूला धातू लागतो. यातला वर्ग नजरेतून सुटू देऊ नका. वेग आणि दाटपणा साध्या पटीत मदत करतात, फट मात्र वर्गात बदला घेते. दुप्पट फट म्हणजे संख्या एक चतुर्थांश. आणि बाजूने होणारी गळती तर फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते: फट दुप्पट, गळती आठपट. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर शेवटचे चार शब्द तेवढे धरा.

कारण बाटलीची पोल तिथेच उघडी पडते. झिजलेल्या बेअरिंगमधून तेल भसाभसा बाजूने निसटतं, म्हणून गेजचा काटा पडतो. अशा बाटल्यांत बहुधा तेल दाट करणारा पदार्थ असतो. दाट तेल हळू निसटतं आणि काटा चढतो. काटा दाखवतो तो वाहण्याला होणारा अडथळा. फट होती तेवढीच राहते, अंडाकृती झालेला जर्नल अंडाकृतीच राहतो. मायलेज वाढतं म्हणून विकल्या जाणाऱ्या, डिझेलच्या पाइपला बांधायच्या लोहचुंबकाचीही हीच जात. डिझेलवर चुंबकाचा इतका क्षीण परिणाम होतो की मायलेजमध्ये तो कधी दिसायचा नाही.

शेडखाली काढून ठेवलेली बेअरिंगं पाहिली की हे डोळ्यांनी वाचता येतं. अर्धगोल पात्याला मागून पोलादाचा आधार, वर तांबं-शिशाचा थर आणि त्यावर मऊ, राखाडी रंगाचा अगदी पातळ मुलामा. ज्या पात्याच्या मधोमध राखाडी रंग उडून तांबूस चकाकी आली होती, तिथे पदर तुटला होता. तीन नंबरच्या जर्नलवर नख फिरवलं तर बारीक वळ लागत होते. मायक्रोमीटर उभा आणि आडवा लावला, तर दोन मापं वेगळी. तसा क्रँक ग्राइंडिंगला गेला आणि 'दहा साइज'मध्ये, म्हणजे पाव मिलिमीटर बारीक होऊन, गोल होऊन परत आला. बेअरिंगं त्या मापाची जाड घ्यायची. फट ठरवायचा ढोबळ नियम असा: व्यासाचा हजारावा भाग. ६० मिलिमीटरच्या जर्नलला सुमारे ०.०६ मिलिमीटर. नक्की आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्यावा.

ती मोजायची पद्धत फार सुरेख आहे. प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा बारीक दोरा कोरड्या जर्नलवर आडवा ठेवायचा, बेअरिंगची कॅप (वरची अर्धगोल पकड) बसवून बोल्ट मापात आवळायचे, क्रँक अजिबात हलवायचा नाही आणि कॅप पुन्हा काढायची. दोरा चपटा झालेला असतो. जितका रुंद चेपला, तितकी फट कमी. पाकिटावर छापलेल्या पट्ट्यांशी रुंदी ताडायची. शेजारचा एक मिस्त्री बराच वेळ पाहत उभा होता. म्हणाला, "हे काय करून राह्यले जी? हातानं फिरवून पाहाचं, मोकळा फिरला का झालं." मोकळा तर जास्त फटीचा क्रँकही फिरतो, आणखीच मोकळा.

बेअरिंगं घ्यायचा दिवस शनिवार निघाला, तेव्हा घरात कुजबुज झाली. शनिवारी लोखंड आणू नये, तेलही आणू नये. इंजिनात या दोन गोष्टी सोडल्या तर उरतं काय? पुढे ज्या ग्रहाचं नाव घेतलं गेलं, तो इथून शंभर कोटी किलोमीटरच्याही पलीकडे आहे. दुकान उघडं होतं, बेअरिंगं आली.

बाकीचं थोडक्यात. लायनर (सिलिंडरच्या आत बसणाऱ्या नळ्या), पिस्टन, रिंगा नव्या. लायनरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे दगडाने घासून काढलेल्या, तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा असाव्यात. त्यांत तेल टिकतं आणि रिंगा बसतात. आरशासारखी भिंत दिसायला छान, पण इथे नको. डिझेल फवारणारे नोझल तपासून घेतले, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केले.

नागपूरकराचा हक्काचा प्रश्न: पारा ४५ च्या पुढे जातो, मग उन्हाळ्यात जाड तेल नको का? बाहेर ४५ असो की २५, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर धड असतील तर इंजिनातलं तेल शंभराच्या आसपास असतं. १५डब्ल्यू-४० या ग्रेडचं इंजिन ऑइल ४० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापताना साधारण सातपट पातळ होतं. त्यापुढे हवेतल्या वीस अंशांचा फरक किरकोळ. खरा धोका वेगळाच आहे. भरलेला ट्रक टॉप गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, धडधडत चढावर ओढणं. वेग कमी, भार जास्त, तेल गरम. सोमरफेल्डची संख्या तळाला जाते. आपल्याकडे डिझेल वाचतं म्हणून असंच चालवतात आणि पुढे बेअरिंगवर त्याच्या कितीतरी पट खर्च करतात. गिअर खाली टाकावा.

आणि सगळ्यांत पातळ पदर असतो पहिल्या फेरीला, कारण वेगच शून्य असतो. म्हणून बांधून झालेलं इंजिन लगेच पेटवायचं नाही. बेअरिंगांना बांधतानाच तेल चोपडायचं, फिल्टर भरून घ्यायचा, डिझेल बंद ठेवून स्टार्टरने थांबत थांबत फिरवायचं आणि गेजचा काटा हलला की मगच डिझेल सोडायचं. सुरू झाल्यावर पहिलं तेल लवकर काढायचं. ते एका पांढऱ्या भांड्यात काढून उन्हात धरलं तर त्यात बारीक चमक दिसते. थोडी चमक ही होनिंगची आणि नव्या रिंगांची. तांबूस कण दिसले तर मात्र संप, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, पुन्हा खोलायचा.